लेखनाचा पेपर भाषा विभागाकडे ढकलू नका

सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी 'शैक्षणिक लेखन' असा एकच सामायिक पेपर ठेवावा, तो भाषा विभागानं शिकवावा, आणि तो पास झाला की विद्यार्थी इतिहासाचा शोधनिबंध, रसायनशास्त्राचा अहवाल किंवा अर्थशास्त्राचा प्रकल्प लिहायला तयार झाला असं धरून चालावं, ही मांडणी सध्या अभ्यास मंडळांच्या बैठकांत आणि प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गांत जोर धरून आहे. तिच्यामागचं कारण खरं आहे. मुलांना लिहिता येत नाही, ही तक्रार आता कुठल्याच विभागाची राहिलेली नाही, सगळ्यांचीच झाली आहे. त्यात पदवीच्या नव्या चार वर्षांच्या रचनेत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करणाऱ्याला 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प लिहायचा आहे. तो कसा लिहायचा हे त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न दाराशी येऊन उभा आहे.

मी भाषा विभागात शिकवते. असा पेपर आला तर आमचा कार्यभार वाढेल आणि कार्यभार वाढला तर एखादं पद वाचेल. आजच्या परिस्थितीत ही लहान गोष्ट नाही, आणि माझ्या अनेक सहकाऱ्यांना हा पेपर हवा आहे तो याच कारणासाठी. त्यांची काळजी मला समजते. तरीही मी या मांडणीच्या विरोधात आहे, कारण या पेपरनं विद्यार्थ्याला लिहिता येणार नाही, आणि ज्याला ते शिकवता येतं तो विषयशिक्षक मात्र कायमचा मोकळा होईल.

या मांडणीच्या तळाशी एक समज आहे. विषयाचं ज्ञान आधी डोक्यात तयार होतं आणि लेखन हे ते ज्ञान नीटनेटक्या शब्दांत बाहेर काढण्याचं वेगळं कौशल्य आहे, असं तिथं धरलेलं असतं. समज खरा असता तर कामाची वाटणी सोपी होती. ज्ञान विषयशिक्षकानं द्यावं, शब्द भाषाशिक्षकानं द्यावेत. पण कुठल्याही विद्याशाखेतलं लेखन जवळून पाहिलं की ही वाटणी टिकत नाही. त्या त्या शाखेत एखादी गोष्ट किती खात्रीनं सांगायची, ती खात्री कुठून आली हे कसं दाखवायचं आणि कुठं थांबायचं, हे सगळं लेखनातच ठरतं. तोच त्या विषयाचा गाभा असतो, आणि तो भाषेच्या शिक्षकाला माहीत नसतो.

रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षाचं जर्नल घ्या. आम्ल-अल्कलीचं साधं टायट्रेशन. फ्लास्कमध्ये आम्ल, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन. जर्नलमध्ये निरीक्षणाच्या तक्त्यात तीन वाचनं असतात, 9.8, 9.8, 9.8, आणि खाली 'सीबीआर 9.8 मिली', म्हणजे ब्युरेटचं स्थिर वाचन. जर्नल इंग्रजीत असतं. सगळी वाक्यं कर्मणी प्रयोगात असतात आणि ती बहुतेक वेळा सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली असल्यामुळे त्यांत चुकाही नसतात. भाषेची शिक्षिका म्हणून हे पान माझ्यासमोर आलं तर मी त्याला पूर्ण गुण देईन. काय आक्षेप घेणार? स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, परिच्छेद आटोपशीर.

रसायनशास्त्राच्या चांगल्या शिक्षकाला मात्र त्या तक्त्याकडे पाहताच कळतं की इथं काहीतरी लपवलं आहे. पहिल्यांदा टायट्रेशन करणारा मुलगा पहिल्या वाचनाला शेवटचा बिंदू ओलांडणारच. त्याचं पहिलं वाचन 10.4 आलं असणार, दुसरं 9.9, मग कुठं दोन 9.8 जुळली असणार. 10.4 कुठं गेलं? ते का सोडून दिलं, हे एका ओळीत लिहायला लागलं तर विद्यार्थ्याला आपण थेंब थेंब सोडायला उशिरा लागलो हे कबूल करावं लागतं, आणि वाचन कधी टाकून द्यायचं, कधी नाही, याचा विचार करावा लागतो. तीच गोष्ट रंगाची. 'द्रावण गुलाबी झाले' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहे. रसायनशास्त्राला ते अपुरं आहे. रंग फिकट गुलाबी हवा आणि तो अर्धा मिनिट टिकायला हवा. गडद गुलाबी म्हणजे अल्कली जास्त पडलं. बराच वेळ ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात मिसळून तो फिकट रंगही उडून जातो, म्हणून वेळ लिहायचा. 'फिकट' हे विशेषण इथं मोजमापाचं काम करतं. ते विशेषण कुठं घालायचं हे मी कुठल्या व्याकरणाच्या नियमानं शिकवू?

आपल्याकडे या जर्नलचं काय होतं ते सर्वांना माहीत आहे. सत्राच्या शेवटी ढीग येतो, पानापानावर सही होते, सर्टिफिकेटवर शिक्का पडतो, कारण सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याकडून पदवीच्या काळात सर्वांत जास्त लेखन जर कुठं होत असेल तर ते या जर्नलमध्ये. शेकडो पानं. लेखन शिकवायची एवढी मोठी जागा आधीच आपल्या हातात आहे, आणि ती आपण उतरवून काढण्याच्या कामाला लावली आहे. तिथं काही बदलायचं नाही, आणि दुसऱ्या इमारतीत भाषा विभागात आठवड्याचे दोन तास ठेवून वैज्ञानिक लेखन शिकवायचं, हा उपाय मला पटत नाही.

आता इतिहास. पानिपतावर लिहिताना विद्यार्थी हमखास एक गोष्ट लिहितो. पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी चिठ्ठीतून कळली, आणि तीत मारल्या गेलेल्यांचा उल्लेख मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत होता. मुलं हा प्रसंग छान लिहितात, त्यात त्यांचा जीव असतो. भाषेचा शिक्षक त्या परिच्छेदाशेजारी 'उत्तम' लिहील. इतिहासाच्या शिक्षकानं तिथं थांबून विचारायला हवं की चिठ्ठी कोणी लिहिली, कोणाला लिहिली, ती तू कुठं वाचलीस? हा प्रसंग ग्रँट डफच्या इतिहासात येतो. त्याचा ग्रंथ 1826 चा, लढाई 1761 ची. मध्ये 65 वर्षं गेलेली. म्हणून 'पेशव्यांना चिठ्ठी मिळाली' आणि 'पेशव्यांना अशी चिठ्ठी मिळाल्याचं ग्रँट डफ सांगतो' या दोन वाक्यांत इतिहासकाराच्या लेखी फार मोठं अंतर आहे. दुसरं वाक्य लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. त्याला हे कुठून कळलं? आणि विद्यार्थी इतिहासाच्या अभ्यासात पाऊल टाकतो ते हा प्रश्न पडला की.

राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो 1750 ते 1761 या काळातल्या पत्रांचा. त्याला त्यांनी जी दीर्घ प्रस्तावना जोडली, तिच्यात बखरींची आणि ग्रँट डफची झाडाझडती आहे. पत्र आणि बखर यांच्यात पुराव्याच्या दृष्टीनं फरक काय, तारीख पडताळायची कशी, हे ती प्रस्तावना करून दाखवते. इतिहासाचं लेखन कसं करावं याचा मराठीतला हा पहिल्या प्रतीचा पाठ आहे, आणि तो एका इतिहासकारानं इतिहास लिहितानाच दिला आहे. आपल्या किती महाविद्यालयांत इतिहासाचा विद्यार्थी त्या प्रस्तावनेची दहा पानं शिक्षकाबरोबर बसून वाचतो? अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकारांना आणि शाळेतल्या हुशार मुलांना लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीची तीच कागदपत्रं वाचायला दिली होती. इतिहासकार आधी कागद कोणाचा, कधीचा हे पाहत आणि मग मजकुराकडे वळत. मुलं पहिल्या ओळीपासून माहिती गोळा करत सुटत. त्या मुलांना वाचता येत होतं, त्यांची भाषा चांगली होती. त्यांना इतिहास वाचायला कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

या मुद्द्याचं सर्वांत देखणं उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, जिचा पहिला भाग 1927 मध्ये आला आणि काम 1966 मध्ये पुरं झालं, तिचं कुठलंही पान उघडून पाहावं. वर संहिता, खाली बारीक टायपात वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. आणि संहितेत काही शब्दांखाली नागमोडी रेघ. संपादकाला ज्या पाठाची पुरेशी खात्री नाही त्याच्याखाली ही रेघ मारलेली आहे. विष्णू सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 'हा शब्द मी स्वीकारतो आहे, पण माझी खात्री कमी आहे' हे सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्यांच्या विद्येनं छपाईतली एक खूण वापरात आणली. इतिहासात हेच काम 'असे दिसते' करतं, रसायनशास्त्रात दशांश चिन्हानंतरचा आकडा करतो. प्रत्येक विद्येची नागमोडी रेघ वेगळी असते. सामायिक पेपरमध्ये तिची जागाच नाही, कारण तिथं सगळ्यांना सारखंच लागू होईल तेवढंच शिकवता येतं.

मग सगळ्यांना सारखं असं काहीच नाही का? आहे. शुद्धलेखन, विरामचिन्हं, वाक्य फार लांबवू नये, दुसऱ्याचं घेतलं तर नाव द्यावं. हे जरूर शिकवावं, आणि त्यासाठी 'एईसी', म्हणजे क्षमता संवर्धन अभ्यासक्रम, या नावानं भाषेला श्रेयांक आहेतच. पण ही यादी लवकर संपते. नाव द्यावं हे सामायिक खरं, पण ते कसं द्यावं इथंच शाखा फुटतात. केन हायलंड या भाषाशास्त्रज्ञानं आठ विद्याशाखांतले शोधनिबंध तपासून दाखवलं की दुसऱ्याच्या कामाचा उल्लेख करताना वापरायची क्रियापदंसुद्धा शाखेशाखेत बदलतात. तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्रात लेखक दुसऱ्याच्या म्हणण्याला युक्तिवाद म्हणून समोर उभं करतो, अभियांत्रिकीत तो निष्कर्षाची नोंद करून पुढे जातो. कायद्यात निवाड्याचा आधार घेताना न्यायालयाचा दर्जा आणि निकालाचा नेमका बंधनकारक भाग कुठला, हे वेगळं काढावं लागतं. मी 'संदर्भ कसे द्यावेत' यावर दोन तास बोलले तर यातलं काय सांगू? स्वल्पविराम कुठं द्यायचा आणि पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात घालायचं, एवढंच माझ्या हाती उरतं.

सामायिक साच्यानं काय होतं हे पाहायला वेगळा प्रयोग करायची गरज नाही, तो आपल्याकडे पीएच.डी.च्या पातळीवर वर्षानुवर्षं चालू आहे. संशोधन पद्धतीच्या नावाखाली सगळ्यांना एकच आराखडा दिला जातो. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, माहितीचे संकलन, निष्कर्ष, शिफारशी. हा आराखडा सर्वेक्षण करणाऱ्या सामाजिक शास्त्रांतून आला आणि साहित्याच्या संशोधकाच्या गळ्यात पडला. मग एखाद्या कादंबरीकारावरच्या प्रबंधात 'या लेखकाच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते' असं गृहीतक येतं आणि तीनशे पानांनंतर ते 'सिद्ध झाले' असं लिहिलं जातं. त्या संशोधकानं कादंबरी मन लावून वाचलेली असते, त्याच्याकडे तिच्या निवेदनाविषयी सांगण्यासारखं असतं. ते सांगायची जागा आराखड्यात नसते. ही मुलं माझ्या विषयातली आहेत, त्यांचं झालेलं नुकसान मी जवळून पाहते, आणि त्याचा मला राग आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचे सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान व नीती, वैज्ञानिक आचरण, प्रकाशनाची नीती, मुक्त प्रकाशन, गैरप्रकार, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापं. चोरी करू नये हे त्यात आहे. लिहावं कसं याला सहापैकी एकही घटक नाही. त्याच्या आधीच्या वर्षी, 2018 मध्ये, वाङ्मयचौर्याचे नियम आले. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढे 40, 60 अशा पायऱ्या आणि त्यांच्या शिक्षा. हेतू योग्यच होता. पण मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातलं बोलणं त्या आकड्यापाशी येऊन थांबलं. साम्य नऊ टक्के आलं, सुटलो. वाक्यातले शब्द फिरवून साम्य कमी करून देणारे लोक मिळतात, आता यंत्रंही मिळतात. उसन्या निष्कर्षाचे शब्द बदलले तरी तो उसनाच राहतो, आणि ते ओळखायला त्या विषयातला माणूस लागतो. सॉफ्टवेअरला ते दिसत नाही, मलाही दिसत नाही.

पदवीच्या पातळीवर आता क्षेत्र प्रकल्प आला आहे, आणि तिथं मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कारण तिथं विद्यार्थी माणसांबद्दल लिहितो. बचत गटांवरचा प्रकल्प घ्या, तो जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात होतो. पन्नास प्रश्नावल्या भरून घेतल्या, वर्तुळालेख काढले, आणि निष्कर्ष लिहिला, 'बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाले आहे.' वाक्य सुबक आहे. त्यातल्या 'मुळे' या शब्दयोगी अव्ययापाशी अर्थशास्त्राच्या शिक्षकानं विद्यार्थ्याला थांबवायला हवं. प्रश्नावली कोणाला दिली? गटात असलेल्या बायकांना. ज्या दोन वर्षांत हप्ते न परवडल्यानं गट सोडून गेल्या, त्यांना विचारलं का? ज्या गटात कधी आल्याच नाहीत त्यांची मिळकत या काळात वाढली की नाही हे पाहिलं का? आधीच थोड्या सावरलेल्या घरांतल्या बायकाच गटात टिकल्या असतील, तर 'मुळे' कुठून आलं? हे विचारल्यावर वाक्य बदलतं. 'ज्या महिला पाच वर्षं गटात टिकून आहेत त्यांच्यापैकी बहुतेकींनी घरखर्चाच्या निर्णयात आपला सहभाग वाढल्याचे सांगितले.' हे वाक्य लांब आहे, कमी आकर्षक आहे, भाषेच्या पेपरात त्याला कदाचित कमी गुण पडतील. पण ते खरं आहे. आणि हा बदल लेखनातला आहे की अर्थशास्त्रातला, असं कोणी विचारलं तर मला त्याचे दोन भाग करता येत नाहीत.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे सगळं पुढचं झालं, या मुलांना साधं वाक्य लिहिता येत नाही, ते शाळेनं करायला हवं होतं, आता निदान भाषा विभागानं करावं. यात माझ्या वर्गातल्या मुलांविषयी एक निकाल दडलेला आहे, आणि तो मी मान्य करत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं 1970 मध्ये आपले दरवाजे सर्वांना खुले केले तेव्हा घरातून पहिल्यांदाच कॉलेजात येणारी मुलं मोठ्या संख्येनं आली, आणि तिथल्या प्राध्यापकांनीही हेच म्हटलं. तिथं शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी अशा मुलांचे सुमारे 4,000 निबंध बसून वाचले आणि 1977 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की त्यांच्या चुका बेशिस्तीच्या नाहीत, त्यांना एक तर्क आहे. ही मुलं नवशिकी आहेत, आणि नवशिका चुका करतच शिकतो.

आपल्याकडेही ती मुलं आहेत. घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारी, सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात उभी राहणारी. यांतलाच एखादा मुलगा वसतिगृहाच्या नळाला पाणी येत नाही म्हणून प्राचार्यांना अर्ज लिहितो तो स्वच्छ असतो. कोणाला, काय, कशासाठी हे त्याला माहीत असतं. तोच मुलगा राज्यशास्त्रातली सार्वभौमत्वाची संकल्पना मांडायला बसला की वाक्य मध्येच तुटतं, कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे जातं. भाषा त्याच आठवड्यात बिघडली का? संकल्पना अजून हाताला लागलेली नाही म्हणून वाक्य अडखळतं. ते वाक्य माझ्याकडे दुरुस्तीला पाठवलं तर मी कर्ता-कर्म जुळवून देईन. संकल्पना तिथंच राहील, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा अडखळेल.

दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. विषयशिक्षक म्हणतो, एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुलं, पोर्शन संपत नाही, मी यांचे कच्चे खर्डे कधी वाचू? आयोगाच्या 2018 च्याच, पण शिक्षकांविषयीच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. वर्गात उभं राहिलेला तास मोजला जातो. चाळीस खर्डे वाचून प्रत्येकाच्या समासात दोन प्रश्न लिहिण्याचा तास कुठंच मोजला जात नाही. आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना तर व्याख्यानाचेच पैसे मिळतात. आज वरिष्ठ महाविद्यालयांतलं बरंचसं शिकवणं ही माणसं करतात. त्यांनी फुकट खर्डे तपासावेत असं सांगण्याचा मला काय, कोणालाच अधिकार नाही.

पण या अडचणीचं उत्तर काम भाषा विभागाकडे सरकवणं हे कसं असेल? सव्वाशे मुलं माझ्याही वर्गात आहेत, उलट सामायिक पेपर असेल तर तीन शाखा एकत्र येऊन ती वाढतील. लेखन तपासलं जाणार नसेल तर पेपरचं जे व्हायचं तेच होईल. 'शैक्षणिक लेखनाची वैशिष्ट्ये लिहा' हा दहा गुणांचा प्रश्न, त्याचं गाइडमधलं उत्तर, आणि एकही परिच्छेद न लिहिता पास झालेली मुलं. भांडायचंच असेल तर सगळ्या विभागांनी मिळून खर्डे वाचण्याचा वेळ कार्यभारात मोजला जावा आणि तासिकेवरच्या शिक्षकाला त्याचे पैसे मिळावेत, यासाठी भांडावं. माझा विभाग त्या भांडणात पुढे असेल. तोवर जे हातात आहे ते करता येतं. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आज वीस मिनिटांच्या वस्तुनिष्ठ चाचणीवर उधळले जातात. त्याऐवजी सत्रात एकच पान लिहून घ्यावं, विषयातल्या एकाच प्रश्नावर, आणि तेच पान शिक्षकाच्या दोन प्रश्नांनंतर पुन्हा लिहून घ्यावं. गुण दुसऱ्या पानाला. वीस पानांच्या प्रकल्पापेक्षा यात वाचायचं कमी आहे, आणि उतरवून काढायला जागाही कमी.

परदेशात सामायिक पेपर चालतोच की, असंही सांगितलं जातं. तिथला इतिहास पुरता सांगावा. हार्वर्डनं 1874 मध्ये प्रवेश परीक्षेत निबंध घातला, 1885 मध्ये पहिल्या वर्षाला लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणला, आणि देशभर त्याचं अनुकरण झालं. नव्वद वर्षं तो पेपर चालला. त्यानंतर, डिसेंबर 1975 मध्ये, 'न्यूजवीक'नं मुखपृष्ठावर विचारलं की आमच्या मुलांना लिहिता का येत नाही. तोपर्यंत काही ठिकाणी लोक दुसऱ्या वाटेला लागलेही होते. कॉर्नेलमध्ये 1966 पासून पहिल्या वर्षाचे लेखनाचे वर्ग वेगवेगळे विभाग आपापल्या विषयात घेऊ लागले होते. आयोवातल्या पेला या गावी सेंट्रल कॉलेजमध्ये बार्बरा वॉलवूर्ड यांनी 1969-70 मध्ये निरनिराळ्या विभागांतल्या प्राध्यापकांना एकत्र बसवलं आणि विद्यार्थ्यांच्या लेखनावर बोलायला लावलं. त्या स्वतः इंग्रजीच्या. त्यांनी काम आपल्या विभागाकडे ओढून घेतलं नाही, ते इतरांपर्यंत नेलं. आपण अनुकरण करायचं ठरवलंच आहे तर तिथल्या लोकांनी ज्या पेपराविषयी नव्वद वर्षांनी तक्रार केली, त्याच्यापासून का सुरुवात करतो आहोत?

शेवटचा आक्षेप खासगीत बोलला जातो. विषयशिक्षकांनाच लिहिता येत नाही, ते काय शिकवणार? हे कठोर आहे आणि काही ठिकाणी खरंही आहे. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजायची पद्धत आली तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी पैसे भरून कुठंही छापून आणलं आहे. पण मग सामायिक पेपराचे सत्रभरातले तीस तास विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात घालण्याऐवजी शिक्षकांच्या वेळापत्रकात घाला. रसायनशास्त्राच्या शिक्षकानं दोन जर्नलं आणावीत, इतिहासाच्यानं पानिपतावरचे दोन निबंध, अर्थशास्त्राच्यानं बचत गटाचा अहवाल. प्रत्येकानं इतरांना सांगावं की यातलं चांगलं कोणतं आणि का. 'ओघवतं आहे' एवढ्यावर सुटका नाही. आपल्या विषयात ते चांगलं का, हे दुसऱ्या विषयाच्या माणसाला पटेपर्यंत सांगायचं. भाषा विभागातल्या आम्ही लोकांनी तिथं बसावं आणि जिथं समजलं नाही तिथं विचारावं. आम्हाला ते काम येतं, आणि सव्वाशे मुलांसमोर शैक्षणिक लेखनाची वैशिष्ट्ये सांगण्यापेक्षा मी ते आनंदानं करीन. येत्या वर्षाचा आराखडा अभ्यास मंडळांकडून विद्वत परिषदेकडे जाईल तेव्हा त्यात सामायिक पेपराच्या जागी हे तीस तास घाला, आणि ते कार्यभारात धरा.